धुणं राहू दे

बासिलिसा आठ वर्षांची असताना आईनं तिला असुन्सियोन शहरात एका बाईंच्या घरी ठेवलं. घरकाम करायचं आणि त्या बदल्यात बाईंनी शाळेत घालायचं, असं ठरलं होतं. ठरलं कसलं, नुसत्या बाता! आज पाहुणे, उद्या बाळाला ताप, परवा धुणं तुंबलेलं. शाळेच्या फाटकापर्यंत मात्र ती रोज गेली, बाईंच्या मुलांना सोडायला. अक्षर काही तिच्या वाट्याला आलं नाही. पुढे जन्मभर लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं.

आता गुडघे बोंबलायला लागले होते. तेवढ्यात गावाकडच्या भाचीनं आपली मुलगी एल्वा आणून सोडली. "मावशी, कामाला वाघ आहे पोरगी! तुझ्याकडे राहील, शाळाही शिकेल."

दुसऱ्या दिवशी बासिलिसा उठली तर अंगण झाडलेलं, येरबाच्या पानांचा काढा तयार, कसावाचे कंद उकडलेले, आणि नऊ वर्षांची एल्वा कोपरापर्यंत साबणात. खरं सांगायचं तर बासिलिसाला फार बरं वाटलं. कित्येक वर्षांत कुणी तिच्या हातात आयता काढा दिला नव्हता. ती पाय पसरून बसली.

"अगं, शाळेची वेळ झाली की."

"एवढं धुणं होऊ द्या, आजी. उद्या जाईन."

बासिलिसानं काढा खाली ठेवला. बाईंच्या घरी रोज सकाळी ती स्वतः हेच म्हणायची आणि बाई खुशाल ऐकून घ्यायच्या. मेलं, आपणही तसंच ऐकत बसलो की! ती तरातरा उठली, पोरीचे हात टबातून ओढून तिनं आपल्याच झग्याला पुसले.

"धुणं राहू दे. चल, वेणी घालते."

एल्वानं भोकाडच पसरलं. "मला परत पाठवू नका! मी आणखी लवकर उठेन!"

"कोण पाठवतंय तुला? शाळेत चाललोय आपण, वेडाबाई!"

 शाळेच्या फाटकाशी एल्वानं बासिलिसाचा हात घट्ट धरला.

"आजी, आता धुणं तुम्ही करणार?"

"हो."

"मग मला जेवायला कशाबद्दल घालणार?"

 दुखऱ्या गुडघ्यांवर कशीबशी वाकून बासिलिसानं पोरीचे गाल पुसले.

"भूक लागते म्हणून, बये. पोरांना आणखी कशाबद्दल घालतात?"



"मग दुपारी मला खूप भूक लागेल हं," असं म्हणून एल्वा आत पळाली.