मिश्रीची डबी

मिश्रीसाठी तंबाखू भाजल्याचा कडवट वास आला की पावस गावाजवळच्या एका घराची पडवी आठवते. लोकांच्या सवयी बदलून कॅन्सर कसा टाळता येईल, यावर पीएचडीनंतरचं संशोधन करत मी घरोघर फिरत होते. समोर एक मासेविक्री करणारी मावशी होती. "तंबाखू खाता का?" "नाय गो बाय, कधीच नाय." मी 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात तिने कमरेची डबी काढली, मिश्रीची काळी पूड बोटावर घेतली आणि दात घासू लागली. माझं पेन थांबलं. "मावशी, तोंड उघडा बघू." गालाच्या आत पांढरा चट्टा होता, कॅन्सरच्या आधी दिसतो तसा. "दुखत नाय ता," ती म्हणाली. माझ्या पिशवीत गावातल्या बायकांचे आठवड्याभराचे फॉर्म होते, सगळ्यांवर 'नाही'. आता मी आधी विचारते, दात कशाने घासता?