गुणाजी मास्तरांच्या आठ मात्रा

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी मी गुणाजी मास्तरांना बँडच्या सुपारीचे ५,००१ रुपये दिले. लग्न माझ्या भाच्याचे, प्रविणचे, डिसेंबरात रोह्याला होते. मास्तरांनी नोटा न मोजताच खिशात घातल्या आणि म्हणाले, "भाऊ, यंदा एक नवीन चीज बसवतोय. पण एक अट हाय. मधेच कोणी थांबवायचं नाय."

मी हो म्हटले. बँडवाल्याच्या अटीला हो म्हणायला काय जाते, असा माझा समज होता.

मास्तर पेणला आमच्याच आळीत राहतात. वय एकसष्ट. एरवी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारतात आणि लग्नसराईत अकरा माणसांचा बँड घेऊन फिरतात. स्वतः क्लॅरिनेट वाजवतात. त्यांचा लाल कोट ते सडपातळ असताना शिवलेला आहे. खालची दोन बटणे कामावरून केव्हाच मोकळी झाली. चालताना दर चौथे पाऊल जरा जोरात पडते. त्यामुळे मास्तर ठरल्या वेळी भाजीला निघाले की आळीला घड्याळ पाहावे लागत नाही.

चौतीस वर्षांत या माणसाने एकही गाणे शेवटपर्यंत वाजवलेले नाही. मिरवणुकीची रीतच तशी. गाणे जरा रंगात आले की कोणीतरी मामा दहाची नोट नवरदेवावरून ओवाळतो, मास्तरांच्या नाकासमोर धरतो आणि दुसरे गाणे सांगतो. नोट घेतली की गाणे बदलायचे. मास्तर म्हणत, "हजार गाण्यांची तोंडं येतात मला. शेपूट एकाचं ठाऊक नाय."

नवीन चीज सापडली ती वाजिदमुळे. वाजिद त्यांचा ट्रम्पेटवाला. बारा वर्षे कुवेतला हॉटेलात काम करून परतलेला. त्याच्या फोनवर मास्तरांनी समुद्री लुटारूंचा एक इंग्रजी सिनेमा पाहिला. तलवार दातांत धरून दोरावरून या जहाजावरून त्या जहाजावर उड्या, असा सगळा प्रकार. मास्तरांना भाषा कळली नाही आणि तलवारबाजीही पटली नाही. "येवढी माणसं भांडतात, पण एकालाबी नीट लागत नाय." पण पडद्यामागे वाजणारे संगीत ऐकून ते दोन दिवस कारखान्यात गेले नाहीत.

शेवटच्या लढाईचा सहा मिनिटांचा तुकडा त्यांनी कानाने ऐकून वहीत उतरवला. सिनेमात नव्वद वादक होते. मास्तरांकडे अकरा, त्यात दोघे खुळखुळेवाले. पन्नास व्हायोलिनांचे काम दोन क्लॅरिनेटांकडे आले. तोफा ढोलाला मिळाल्या, लाटा झांजांना. हार्प नावाचे तारांचे उंच वाद्य पेणमध्ये कोणाकडेच नव्हते. ते खाते खुळखुळ्याकडे वर्ग झाले.

या तुकड्यात दोन तृतीयांश वाजून झाल्यावर नायक दोरावर लटकतो आणि सगळी वाद्ये एकदम थांबतात. आठ मात्रा काहीही वाजत नाही. मग धडाका, आणि शेवट. मास्तरांचा जीव त्या आठ मात्रांत अडकला होता. तालमीला मी एकदा गेलो होतो. वाजिद त्यांना समजावत होता.

"मास्तर, मिरवणुकीत गप बसायचं नाय. बँड गप झाला म्हंजे नवरा पोचला. लोक आरती घेऊन येतील."

"आठ मात्रांत कोण आरती आणतो? तुझी बायको तुला तासाभरात चहा आणत नाय."

"ती मला चहा देतच नाय. कोटावर सांडतो म्हणते."

"मग गप वाजव."

लग्नाच्या दिवशी मिरवणूक मारुतीच्या देवळापासून निघाली. प्रविण घोडीवर होता. तो धरमतरच्या खाडीत मालाचे बार्ज चालवतो, पण घोडीवर मात्र दोन्ही हातांनी मानेचे केस धरून बसला होता. वाटेत दोन कार्यालये लागतात. आमचे पुढचे, पहिल्यापासून साठ पावलांवर. मास्तरांनी चीज सुरू केली. आमच्या एका मामांनी नोट काढली, ती मी त्यांच्याच खिशात परत ठेवली. रोह्याच्या त्या रस्त्यावर समुद्र उसळला. नाचणाऱ्यांना ताल सापडेना, पण काहीतरी भारी चालले आहे एवढे कळून ते दोन्ही हात वर करून उभे राहिले.

आणि नेमके पहिल्या कार्यालयाच्या दारात बँड थांबला.

त्या कार्यालयात दुसरे लग्न होते. त्यांचा नवरा कोलाडजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलेला. नवरीकडच्या बायका तासभर ताट घेऊन दारात उभ्या. बँड वाजत आला, दारात थांबला, समोर मुंडावळ्या बांधलेला घामाघूम मुलगा. त्यांनी आणखी काय विचारायचे? चौथ्या मात्रेला भाकरतुकडा ओवाळून पडला. सहाव्या मात्रेला नवरीच्या भावाने प्रविणला घोडीवरून उतरवले. प्रविण उतरलाही, घोडीवरून सुटका होत असेल तर तो कोणाच्याही लग्नात उतरला असता. आठ मात्रा संपल्या, मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावले आणि दारातून कोणीतरी ओरडले, "बँड बंद! ओवाळणं चाललंय!"

ताट धरलेल्या म्हातारबाईंनी प्रविणच्या कपाळाला कुंकू लावले तेवढ्यात माझी बहीण गर्दीतून घुसली. "गो बायांनो, सोडा त्याला! आमचा नवरा हाय तो!"

"मग आमच्या दारात कशाला थांबवलात गो?" म्हातारबाई म्हणाल्या. "तुमचा हाय तर नीट धरून ठेवा!"

दोन्हीकडचे लोक हसून बेजार झाले. मास्तर एकटे हसत नव्हते. बहिणीने त्यांना सुनावले, "मास्तर, मुहूर्त जवळ आलाय. ते युद्ध पुरे. नेहमीचं काय ते वाजवा." उरलेली साठ पावले त्यांनी नेहमीचे गाणे वाजवले. तेही अर्ध्यावर राहिले.

अक्षता पडल्या. मंडळी जेवायला बसली. मी मास्तरांना पानावर बोलवायला बाहेर गेलो, तर ते पायरीवर क्लॅरिनेट पुशीत होते. वाजिद म्हणाला, "जेवा मास्तर. उपाशी राहून चीज पुरी व्हायची नाय."

तेवढ्यात शेजारच्या कार्यालयातून नवरीचे वडील धावत आले. त्यांचा नवरा एकदाचा पोचला होता, पण त्यांचा बँड अजून कोलाडच्या पलीकडेच होता. "पाच-सात मिनिटं वाजवाल का? काय असेल ते देतो."

मास्तर उठले. "पैशाचं मागाहून बघू. पण काय वाजवायचं ते आमी ठरवणार. आणि नोट कोणी दाखवायची नाय."

मी हातातला पाण्याचा तांब्या तसाच घेऊन त्यांच्या मागे गेलो. नवरा नाक्यावर गाडीतून उतरला आणि बँडने चीज पहिल्यापासून धरली. तोफा उडाल्या, लाटा आल्या, खुळखुळ्यांनी हार्पची बाजू इमानाने सांभाळली. दाराशी पोचले आणि सगळे थांबले. नवरीचा भाऊ सवयीने पुढे झाला. म्हातारबाईंनी ताटासकट हात आडवा केला.

"थांब रे! हलू नका गो कोणी. त्यांचं संपलं नाय अजून."

सगळा रस्ता गप्प. मास्तर डोळे मिटून पायाने मात्रा मोजत होते. आठवी झाली आणि धडाका झाला. त्यानंतर दोन मिनिटे जे वाजले, तसे मी कुठल्याच मिरवणुकीत ऐकले नव्हते. शेवटचा सूर संपला. पुढे काय करायचे हे मास्तरांना माहीत नव्हते. मिरवणुकीत या जागेपर्यंत ते कधी आलेच नव्हते. वाजिदने क्लॅरिनेट त्यांच्या हातातून काढून घेतले, तेव्हा कुठे ते खाली बसले.

संध्याकाळी मी हिशोब केला. ठरले होते १४,५०१. उरलेले ९,५०० मी पुढे केले. मास्तरांनी ९,००० घेतले.

"पाचशे ठेवा. तुमच्या लग्नात चीज अपुरी राहिली."

"मास्तर, ती आमच्याच लोकांनी थांबवली."

"अट मोडली, व्हय. पण अपुऱ्या कामाचे पैसे मी घेत नाय. तुमच्या घरात पुढचं लग्न असंल तेव्हा पुरी वाजवीन, मग द्या."

आमच्या घरात आता लग्नाचे कोणी उरलेले नाही. गुणाजी मास्तरांचे ५०० रुपये माझ्याकडून देणे बाकी आहेत.