खड्ड्याला विरजण

ये पोरी, अशी जवळ बस. हाकेच्या अंतरावर राहतेस आणि वर्षवर्ष तोंड दाखवत नाहीस, रागवू नको तर काय करू? तुम्ही कोणी येत नाही, म्हणून आमच्या धाकट्या भाऊजींचं बोलणं मला एकटीला ऐकावं लागतं. मोरीच्या पाण्यावर असा जीव टाकणारं माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरं झालं नाही!

कापसाच्या तेजीचे दिवस. अमरावतीच्या बाजाराला गाड्यांची रीघ. जो तो अंगणातसुद्धा कापूस पेरायला निघालेला. गाडीवाले बैलांसकट आमच्या परसात उतरायचे आणि सगळी घाण विहिरीकडे वाहायची. म्हणून भाऊजींनी काय करावं? सोन्यासारख्या काळ्या जमिनीत ओळीनं खड्डे खणले. त्यात गिट्टी, कापसाची वाळकी पऱ्हाटी, काठाला अळू आणि केळी. एकातून दुसऱ्यात घाण पाणी झिरपवायचं आणि शेवटच्या खड्ड्याशी बसून पाणी ओंजळीत घेऊन वास घ्यायचा. जेवण निवून जायचं, पण वास काही संपायचा नाही.

पुढं आणखी एक खड्डा खणला, त्या नव्या खड्ड्याचं पाणी मात्र काही केल्या निवळेना. एकदा मी दही लावत होते, तर हे दारात. "वहिनी, दुधाले विरजण लागते, मंग माह्या खड्ड्याले कावून नाही?" झालं! जुन्या खड्ड्यातला काळा गाळ माझ्याच दह्याच्या गाडग्यात भरून नव्यात ओतला. मी ओरडले, तर म्हणतात, "धुऊन देतो ना!" आणि मेलं पाणी निवळलंसुद्धा. मग तर ऐकायलाच नको.

त्यांची आईवेगळी लेक मीच वाढवली. तिला पाहायला मोर्शीहून माणसं आली. मुलगा शांत, घर भरलेलं; पोरीच्या मनातही भरलं होतं. मी बजावलं, "आज मोरीचं नाव काढाल तर माझी शपथ!" सुपारी खाईपर्यंत बिचारे गप्प बसले. तेवढ्यात मुलाच्या आजीनं विचारलं, "करता तरी काय तुमी, बापू?" संपलं. सारे पाहुणे खड्ड्यांवर! पोर आत माझा हात धरून रडायला लागली, "मोठी आई, गेलं ना स्थळ?"

आजीबाई परतल्या त्या थेट स्वयंपाकघरात. "आमच्या आंगनात बी गाड्या उतरतात. पोरगी तं नेतोच, थोडं विरजण बी द्या!"

पाठवणीच्या गाडीत तिच्या पेटीशेजारी गाळाचं मडकं, तोंडाला फडकं बांधलेलं. "हिंदकळू देजो नको रे!" असं गाडीवानाला ओरडत भाऊजी शिवेपर्यंत धावले. लेक मागं वळून त्यांच्याकडे बघत होती आणि हे मडक्याकडे.

आता थकलेत. मोर्शीहून कोणी आलं की आधी विचारतात, "पानी साफ हाय ना तिकडलं?" आणि उत्तर येईपर्यंत श्वास धरून बसतात. जा, आधी त्यांना भेटून ये. खड्डे दाखवा म्हण त्यांना. मी जेवायला थांबते.