मागच्या डाव्या चाकाचा ड्रम

आमच्या गाडीला गल्लीत सगळे खिचडी म्हणत. अंग जुन्या जमान्यातलं, ज्यात एकेकाळी मंत्री-संत्री फिरायचे ते फुगीर गालांचं. मागचा अ‍ॅक्सल जीपचा. इंजिन एका मोडक्या टेम्पोचं. हे तिरपागडं लग्न लावून दिलं होतं आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते सुरतेत, उधन्यातल्या एका कारखान्यात लूम फिटर होते. अडून बसलेला माग त्यांचा हात लागला की तासाभरात खडखडू लागायचा, म्हणून आमच्या नवागाम वस्तीत त्यांना मास्तर म्हणायचे. गाडीचं धूड त्यांना चलथाणकडे एका ऊसवाल्याच्या शेडमध्ये सापडलं. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. आबा म्हणाले, तिचं होऊ दे, मग नेतो. आणि खरंच तीन आठवडे थांबले.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कानबाईसाठी. श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते, आणि तेव्हा जगाच्या पाठीवर कुठंही असलेला भाऊबंद गावी जातो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, ते दळून रोट करतात आणि ते कुळाबाहेर कुणाला देत नाहीत. सुरतेतले आमचे दहा-बाराजण दरवर्षी एसटीच्या दारात लोंबकळत जायचे. आबांना ते बघवेना. सगळं कूळ एका खेपेत मावेल अशी गाडी त्यांना हवी होती, म्हणून जीपचा दणकट अ‍ॅक्सल.

मी लग्न मोडून माहेरी परतले त्या वर्षी गावात वाद झाला. लेक एकदा दिली की दुसऱ्या कुळाची, हिला रोट कसा चालेल? चुलते तावातावाने बोलत होते. आबा उठले, आपल्या ताटातला रोट मोडला, अर्धा माझ्या ताटात टाकला आणि खाली बसून जेवू लागले. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. त्याच वर्षी त्यांनी मला खिचडी चालवायला शिकवली. दर श्रावणात मग वाटेतला कोंडाईबारीचा घाट मीच उतरवायचे, आणि आबा शेजारी बसून आपल्या पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायचे.

गेल्या वर्षी, संक्रांत झाली आणि आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात ओरडून बोललेला माणूस, त्याचा आवाज असा बटण बंद केल्यासारखा गेला. राहिला डावा हात. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, म्हणून ते डाव्या हाताने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या माठाकडे बोट करायचे आणि आम्ही पाणी द्यायचो. दिवसातून पंधरा वेळा. घरात तेवढी एकच खूण सगळ्यांना समजायची.

ज्येष्ठ लागला तसे ते गाडीकडे बघू लागले. माझी आई, तिला आम्ही माय म्हणतो, तिने ओळखलं.

"कानबाईले जानं शे त्यासले," ती म्हणाली. "आनि याच गाडीमा."

मी आबांना विचारलं, "हो?" त्यांनी मान हलवली. डोळे भरून आले त्यांचे. डॉक्टर खासगीत म्हणाले होते, पुढचा श्रावण धरून चालू नका.

मी गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रीने चाकं उतरवली, एकेका ब्रेक ड्रमवर हातोडी मारली. तीन ठणठणीत वाजले. मागच्या डाव्याचा आवाज बद्द आला. बाजारात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून बघतो, तडकलेला असला तर कसा बोलतो, तस्सा. पुसून बघितलं तर केसाएवढी चीर अर्ध्यापर्यंत गेलेली.

"गल्लीत फिरवा," मिस्त्री म्हणाला. "घाटात नेली तर मला नका बोलावू."

त्यानंतरचे माझे सगळे रविवार त्या ड्रममागे गेले. मी शाळेत शिकवते. आठवडाभर फळ्यावर खडू आणि रविवारी हातात दहा-बारा किलोचं लोखंड. पार्ट्सच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: बेन, भाईला पाठवा ना. मी म्हणायचे, भाई नाही, मीच आहे, दाखवा. जुन्या गाडीचा ड्रम आणला तर तो जीपच्या अ‍ॅक्सलवर बसेना; जीपचा आणला तर त्याची भोकं आमच्या चाकाशी जुळेनात. कामरेजला हायवेच्या कडेला भंगाराची मोठी वखार आहे. तिथला म्हातारा चष्मा कपाळावर चढवून ड्रम उलटासुलटा करत राहिला आणि म्हणाला, "बेन, आ तो क्यांय नहीं मळे. आ तो कोईए बनाव्यो छे."

कुठंच मिळायचा नाही, कुणीतरी बनवलाय. कुणी, ते मला सांगायला नको होतं.

उधन्यातल्या एका लेथवाल्याने उरलेलं सांगितलं. मास्तरने लाकडाचा साचा स्वतःच्या हाताने केला होता आणि मागाची चाकं ओतणाऱ्या एका फाउंड्रीत ड्रम ओतून घेतले होते. आता नवा ओतायचा तर तोच साचा हवा. तडकलेल्या ड्रमवरून छाप घेतली तर लोखंड थंड होताना आकसतं आणि माप चुकतं. साचा थोडा मोठा करावा लागतो, किती मोठा ते करणाऱ्यालाच ठाऊक. "साचे फाउंड्रीतच राहतात," तो म्हणाला. "तिथे बघा. मिळाला तर चार दिवसांचं काम आहे."

श्रावणाला तीन आठवडे होते. मी फाउंड्री शोधत गेले. तिथं आता साड्यांवर भरतकाम करणारी यंत्रं चालतात. दारातला वॉचमन मात्र जुना होता.

"साँचे? वो तो कब के चूल्हे में गये."

घरी आले. ड्रम आबांच्या खाटेजवळ ठेवला. त्यांनी डावा हात त्याच्या कडेवरून फिरवला, चिरेवर बोट थांबवलं.

"साचा जळाला आबा," मी म्हटलं. "फाउंड्रीवाल्यांनी चुलीत घातला."

त्यांनी जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवली. खाटेच्या लाकडावर मूठ आपटली. मग डावा हात उचलून माठाकडे बोट केलं.

"तीस लागनी व्हई," माय म्हणाली. "त्यासले पानी दे."

मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास ढकलला. मी पाटी आणली, खडू हातात दिला. अक्षर काही उमटेना; त्यांनी एक गोल काढला, आत आणखी एक गोल. "हो, ड्रम, कळलं मला," मी म्हटलं. त्यांनी पाटी बाजूला सारली. पुन्हा माठ. मी पुन्हा पाणी आणलं. या वेळी त्यांनी ग्लास असा झटकला की माझी साडी भिजली, अंथरूण भिजलं. आणि मी, दिवसभर उन्हात वणवण करून आलेली, त्यांच्यावर ओरडले.

"सांडायचंच असतं तर मागता कशाला पाणी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतरही ते बोट दाखवायचे, पण कमी. पाणी दिलं की निमूट प्यायचे. मला वाटलं, बरं झालं, समजुतीने घेताहेत.

कानबाईच्या आदल्या दिवशी मी भाड्याची मोठी गाडी मागवली. आबांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. त्यांनी त्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, मग कोपऱ्यात विटांवर चढवलेल्या खिचडीकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने दाराची चौकट धरली ती सोडेचनात. शेवटी गाडी परत पाठवली. गावी चुलत्यांनी त्यांच्या नावाचे सव्वा मूठ गहू मोजले. त्यांचा रोट कुणी खाल्ला, मी विचारलं नाही.

भादव्यात आबा गेले. सकाळी मी चहा घ्यायला उठवायला गेले तर गेलेले होते.

दहावा झाला. सुतक फिटलं की घरातलं भरलेलं पाणी ओतायचं, जुना माठ टाकायचा आणि नवा आणायचा, ही आमच्याकडची रीत. दहाव्याला आलेली मावशी माठ उचलून बाहेर घेऊन गेली. खाली गोणपाटात गुंडाळलेली बैठक राहिली, ती बुरशीने काळी पडलेली. मी म्हटलं, हेही टाकू. उचललं तर वजन लागलं. गोणपाट सोडवलं.

आत सागवानी लाकडाची गोल, खोलगट वस्तू. कडा गुळगुळीत, मध्ये उंचवटा. माठ तिच्यात नेमका बसायचा, म्हणून इतकी वर्षं कधी डुगडुगला नाही. पालथी केली तर मागे पेन्सिलीने आकडे, आबांच्या तिरक्या अक्षरात, आणि एका बाजूला बाण.

मी तडकलेला ड्रम ओढून तिच्याशेजारी ठेवला; तोच आकार, किंचित मोठा.

"हाई काय शे?" मायने विचारलं. मी सांगितलं, ड्रमचा साचा. तिने पदर तोंडात कोंबला. कारखाना सोडला तेव्हा आबांनी हत्यारांबरोबर ते घरी आणलं होतं, ती सांगू लागली. तिला वाटलं, लाकडाचं काहीबाही. तिने त्यावर माठ ठेवला. आबांनी बघितलं आणि हसले. म्हणाले, राहू दे, तिथं ते हरवणार नाही.

"मीच ठेवा व्हता माठ त्यानावर," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी तिला म्हणू शकले असते, तुझी चूक नाही. खरं तर ती नव्हतीच. ओरडले मी होते. पण त्या वेळी मला कुणाचीच समजूत काढता आली नाही.

साचा वाळवायला आठवडा लागला. लेथवाल्याने दुसरी फाउंड्री गाठून दिली. ड्रम ओतून, कातून, भोकं पाडून मिळाला. चार दिवस लागले. त्याने सांगितले होते तेवढेच.

यंदा श्रावणात आम्ही खिचडीनेच गेलो. मागे सगळं कूळ, पुढे माझ्याशेजारी माय. परतताना कोंडाईबारीचा उतार लागला, मी ब्रेक दाबला आणि गाडी आबांनी शिकवली होती तशी, न ओरडता, न ओढता, हळू झाली. शेजारी बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. तरी बघितलं. मायचा पाय पुढच्या पत्र्यावर दाबलेला होता.

घाट उतरल्यावर एका टपरीशी थांबलो. मायने माझा दंड धरला आणि मागे ठेवलेल्या कळशीकडे बोट केलं. मी ग्लास घेतला, कळशी वाकवली, आणि थांबले.

"पाणीच ना?" मी विचारलं.

मायने माझ्याकडे बघितलं. मग मान हलवून हो म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड केलं.