आखणीआधीची गोळी

पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे एक काका आहेत. मधुमेहावर ते फक्त जांभळाच्या बियांची पूड खात. "झाडाचं हाय, गोळीची गरज नाय," म्हणत. पुडीत गुण असतील, पण डॉक्टरांची गोळी सोडू नका, साखर वाढली की नजर जाते, अशी पत्रकं मी आरोग्य केंद्रातर्फे वाटायचो आणि त्यांच्याशी भांडायचो. ते हसून माझ्याच पत्रकात पूड बांधायचे.

यंदा एका मूर्तीची बुबुळं तिरकी आली. काकांनी ती पुसली आणि कुंचला शेजारी रंग कालवणाऱ्या काकूंच्या हाती दिला.

"माझी नजर सुधारेस्तोवर तू आख गो. पण आधी ती गोळी दे."

गोळी गिळून वर चिमूटभर पूडही टाकली. मग काकूंनी आखलेला डोळा चष्मा पुसून न्याहाळला आणि म्हणाले, "व्हय, बघतोय बाप्पा माझ्याकडे."