मशीनमधली बारा जास्तीची मतं

मंडळी, आज डोकं फिरलंय. मतमोजणीला पक्षातर्फे बसलो होतो. पंचवटीतल्या ज्या बूथवर मतदानाच्या दिवशी मीच पक्षाचा एजंट होतो, त्याच्या मशीनमध्ये रजिस्टरातल्या सह्यांपेक्षा बारा मतं जास्त निघाली.

"मशीनमध्ये घोळ आहे" म्हणून सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो.

मोजणीवरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "मतदान सुरू व्हायच्या आधी तुम्ही एजंटांनी मशीन तपासायला किती मतं टाकून बघितली होती?"

बारा. ती पुसायचीच राहिली होती.

"आणि पुसल्याच्या कागदावर ही सही कोणाची?"

माझी. नाश्त्याला मिसळ आली होती, न बघता सही ठोकली.

बाहेर येऊन कार्यकर्त्यांना सगळं सांगितलं, तर कोणी ऐकेना. उद्या मशीनविरुद्ध मोर्चा आहे म्हणे, आणि भाषण मी करायचं. काय बोलू, सांगा.