प्रस्थानाचं तिकीट

माझ्या आईला आयुष्यात एकदाच कोणी चोर ठरवलं, आणि तेही शिक्क्यासकट, कागदावर. त्या कागदाची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं. वय झालं, रक्तदाब वाढला, डॉक्टर म्हणतात जुन्या गोष्टी उगाळू नका. मी उगाळणार.

एकोणीसशे साठनंतरची वर्षं. मी बालाघाटला प्राथमिक शाळेत शिकवत होते, नवरा नोकरीमुळे बैहरकडे, आणि घरात चार वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली. शाळेत तपासणी होती, रजा मिळेना. आईला कार्ड टाकलं की लगेच ये. आमचं खेडं हट्ट्याच्या पलीकडे, छोट्या लाइनच्या गाडीने फार तर दीड तासावर.

कार्ड तिला मंगळवारी सकाळी मिळालं. गाय आणि घर शेजारणीच्या हवाली करायचं म्हणजे निघणं बुधवारीच होणार, आणि बुधवारी अमावास्या. अमावास्येला आमच्याकडे कोणी घराबाहेर प्रवासाला पाय काढत नाही. पण नड असेल तर त्यालाही वाट आहे. आदल्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आपल्या सामानातली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली की माणूस निघालं. दुसऱ्या दिवशी अमावास्या असो की आणखी काही, तुम्ही आधीच वाटेत असता.

पूर्वी बाया तांदूळ-सुपारीचं गाठोडं ठेवत. गावाजवळून गाडी जायला लागल्यापासून त्या तिकीटच ठेवायला लागल्या. तिकिटापेक्षा निघाल्याची मोठी खूण कोणती? आईने मंगळवारी दुपारी गाडीच्या वेळी खिडकीवर जाऊन तिकीट घेतलं, गाडी तशीच जाऊ दिली आणि ते पुठ्ठ्याचं तिकीट हळदीकुंकू लावून शेजारणीच्या देव्हाऱ्यात ठेवलं. गावातल्या सगळ्या बाया वर्षानुवर्षं हेच करत आणि उतरल्यावर बालाघाट स्टेशनच्या फाटकावरचा म्हातारा टीसी न बघता तिकिटं गोळा करी. तो निवृत्त झाला होता हे आम्हाला कोण सांगणार?

बुधवारी, आई आज येईलच या अंदाजाने, मी मधल्या सुट्टीत स्टेशनवर धावले. फाटकाशी गर्दी, मधोमध आई, आणि नवा तरणाबांड टीसी ते पिवळं तिकीट दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवतोय.

"माताजी, ये टिकट कल का है."

"हौ, कालचंच हाय ना," आई म्हणाली. "मी कालच निंघाली. आज अवस हाय."

लोक हसले. टीसीही हसला. आईला वाटलं त्याला समजलं नाही, म्हणून तिने प्रस्थान काय असतं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. तिला अर्ध्यावर तोडून तो म्हणाला, "बिना टिकट बैठने वाले सब कहानी सुनाते हैं."

गर्दीत माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप होते. भरवेलीच्या खाणीत कामाला जाणारे, मला वाकून नमस्कार करणारे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईने पर्स उघडली, दंड भरला, टीसीने पावतीपुस्तक पुढे केलं तिथे सही केली आणि आईचा हात धरून तिला बाहेर काढलं. रस्ताभर ती एकच विचारत होती, "त्यानं लिवलं काय?"

घरी येऊन मी पावती मोठ्याने वाचली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, बिना टिकट.

आई नातीच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत होती. तिचा हात थांबला. "टिकट त्याच्या हातात होतं," ती म्हणाली, "टिकट हातात धरूनच त्यानं बिना टिकट लिवलं? मंग मी चोर झाली."

मुलगी बरी झाली, आई परत गेली ती बसने. जाताना सांगून गेली, "थो शबद खोडल्याबिगर मी गाडीत पाय नाही ठेवत." बसच्या वासाने तिला उमासे येत. घरापासून ओकत यायची, घरापर्यंत ओकत जायची. पुढे पुढे येणंच कमी झालं. नात दारात बसून विचारायची, आजी कधी येणार, आणि माझा जळफळाट व्हायचा.

मी रेल्वेच्या साहेबांना अर्ज लिहिला, शुद्ध हिंदीत, सोबत टीसीने पावतीबरोबर परत दिलेलं ते हळदीचं तिकीट जोडून. पाच महिन्यांनी उत्तर आलं की तिकीट काढल्या दिवसापुरतंच चालतं, अर्ज नामंजूर. मी दुसरा लिहिला. नियम कबूल, दंड तुम्हाला लखलाभ, पण शिळं तिकीट असणं आणि तिकीट नसणं यात फरक आहे की नाही? तेवढा शब्द बदला. एवढंच मागितलं. खुर्चीत बसलेल्या माणसाला एक शब्द खोडायला किती शाई लागते?

उत्तर यायला सहा महिने लागले. तेव्हा आई आलेली होती, पांढरीफटक होऊन खाटेवर पडलेली. पाकीट बघून उठून बसली. "वाच."

मी वाचलं. नोंदवलेले कारण प्रवाशाच्या मुलीने सही करून मान्य केले आहे, सबब प्रकरण बंद.

मला ती ओळ गिळता आली असती. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सई कोनाची?"

"माही."

"वाचलं नवतं?"

"नाही."

"मास्तरीन असून?"

ती पुन्हा आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. वर्षभर मी टीसीला, साहेबांना, साऱ्या रेल्वेला शिव्या घातल्या होत्या. चोर ठरवणारा तो होता, पण हो म्हणणारी मी होते, चार लोकांच्या नजरेला घाबरून. त्या रात्री मला स्वतःचीच चीड आली.

सकाळी आई म्हणाली, "आता खोडाची वाट नाही पाहत मी. गाडीनंच येईन."

पुढची खेप पुन्हा अमावास्येची. मी फाटकाबाहेर उभी होते. आई उतरली, त्याच टीसीसमोर आली आणि तळहात उघडला. दोन तिकिटं. एक आदल्या दिवसाचं, हळद लावलेलं. एक त्या दिवसाचं, कोरं.

"दो क्यों, माताजी?"

"हे तुमचं," तिने कोरं तिकीट त्याच्या हातावर ठेवलं. "हे माहं. मी कालच निंघाली." हळदीचं तिने पदराच्या गाठीला बांधलं. मग माझ्याकडे बोट करून खणखणीत आवाजात म्हणाली, "आन् साहेब, कधी पावती फाडाची असन तं सई मले मागजा, मी आंगठा देईन. हिले नका मागू. हे न वाचता सई करते."

मागे माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप उभे होते. त्यांनी ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.